दुधाच्या खुणा

जुलैची सत्तावीस तारीख. जालना.
बियाण्याच्या गोदामाला लागून माझं दुकान,
पाटीवर: विवरणपत्रं भरून मिळतील,
खाली बारीक अक्षरात पॅन, भाडेकरार, झेरॉक्स.

तिनं धंदा सांगितला एका शब्दात,
कुणी म्हणावं किराणा, तसा.
मी उठलो आणि शटर अर्ध्यावर ओढलं.
"कामून पाडलं?" ती म्हणाली,
"मी हिशोबाला आले."
मी म्हणालो, धूळ येते.

पिशवीतून दोन कॅलेंडरं निघाली, खत कंपनीची,
गेल्या सालाची नऊ पानं, यंदाची तीन.
आमचं वर्ष एप्रिलला उजाडतं
हे तिला आधीच ठाऊक.
तारखेच्या चौकोनात पेनाच्या उभ्या रेघा,
चार, दोन, सहा,
मग एकदम नऊ दिवस कोरे.
"एवढं दूध कोण पितं?" मी विचारलं,
आणि विचारता विचारताच कळलं.
ती पदर तोंडाशी धरून हसली, बराच वेळ.
"शेजारीण बी हेच म्हणती.
म्हणून तर अशा मारते."
कोरे दिवस? "लेक तापली होती."

एका रेघेचे किती, ते तिनं सांगितलं.
दिवाळीनंतर भाव वाढवला, तेही.
मी कॅल्क्युलेटरवर बोटं आपटत राहिलो,
मान वर न करता.

खोलीचं भाडं. डॉक्टर. रिक्षा. बाईचा वाटा.
आणि दर पंधरवड्याला खाकीतला एक येतो त्याचे पाचशे.
हे नाही धरता येत, मी म्हणालो,
कायदा याला खर्च मानत नाही.
"मग घेणारा त्याच्या फॉर्मात कुठं लिहितो?"

पंखा फिरत होता.

व्यवसायाचा प्रकार निवडा.
शिंपी, सुतार, केशकर्तन, मंडप, बॅन्ड.
शिवणकाम टाकू का, मी हळूच म्हणालो,
सगळे तेच टाकतात.
"मला सुई ओवता येत नाही, सर.
उद्या साहेबानं बटण लावून मागितलं तर?"
शेवटी यादीच्या तळाशी सापडलं:
इतर सेवा, अन्यत्र वर्गीकृत न केलेल्या.
अन्यत्र म्हणजे?
म्हणजे दुसरीकडं कुठं.
ती जरा थांबली.
"टाका. बरोबर हाय."

पॅनवर इंदूमती किसन.
तिथं खोलीत सगळे काजल म्हणतात.
"कागदावर बापाचं नाव लागलंय तेच राहू द्या,
त्यानं दुसरं काही दिलं नाही."

उत्पन्न भरलं, बटण दाबलं.
भरावयाचा कर: शून्य.
मला वाटलं, खूश होईल.
ती स्क्रीनकडं वाकून बघत राहिली.
"शून्य? मग सरकारला माझं काहीच लागत नाही?"
यावर कुठलंही कलम मला आठवलं नाही.

बँकेला तीन वर्षांची विवरणपत्रं लागतात,
नर्सिंगच्या कर्जासाठी. मागची आता भरता येत नाहीत,
मी समजावून सांगू लागलो.
"मागची कोण मागतंय? लेक नववीत हाय.
बारावी होईस्तोवर तीन होतात ना?"
होतात, मी म्हणालो.
तिनं बोटांवर मोजून माझा हिशोब तपासला.

तीनशे रुपये झाले. राहू द्या म्हणालो.
ती चिडली.
"मी कधी कुणाला राहू द्या म्हणलं का?
घ्या. आणि पावती फाडा."
पावतीवर कार्बनची निळी शाई सांडली होती,
तिनं ती फुंकून, तशीच घडी घातली.

एकतीस तारखेला, दुपारी,
पायरीवर चौघीजणी.
काखेत कॅलेंडरं गुंडाळलेली,
शाळेत नकाशे नेतात तशी.
समोरच्या चहावाल्यानं गाळणं हातात धरून बघितलं.
मी शटर पूर्ण वर ढकलायला गेलो.
कधी पूर्ण उघडलं नव्हतं ते,
गंजलेलं, कपाळाच्या उंचीवर अडकलं.
"असू द्या," मागून एक म्हणाली,
"आम्हाला वाकून यायची सवय हाय."
मी पुन्हा जोर लावला.